कल्याणच्या बत्तीस ताटल्या

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, पहिली रेडिओ दुर्बीण कल्याणजवळ उभी होती. हे वाक्य मी आंबिवलीत ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांनी आधी "आपलं कल्याण?" असं विचारलं आणि मग मोबाइल काढून खात्री करून घेतली. साहजिक आहे. कल्याण म्हटलं की दुर्गाडी आठवतो, जंक्शन आठवतं, खाडी आठवते, सकाळी कसाऱ्याहून भरून येणारी लोकल आठवते. एका रेषेत उभ्या राहून सूर्यावर डोळा ठेवणाऱ्या सहा-सहा फुटी डिश कुणालाच आठवत नाहीत. १९६५ साली त्या उभ्या राहिल्या, तीनेक वर्षं चालल्या, आणि ज्यांनी त्या उभ्या केल्या ती माणसं पुढे उटीला गेली.

भारतीय रेडिओ खगोलशास्त्राचा इतिहास सांगताना कल्याण साधारण एका परिच्छेदात उरकतात. ऑस्ट्रेलियाने डिश भेट दिल्या, गोविंद स्वरूप परत आले, कल्याणला छोटी दुर्बीण झाली, मग उटी, मग खोडदची जीएमआरटी. उटी आणि खोडद ही मोठी कामं आहेतच. पण मला कल्याणचा परिच्छेद सगळ्यात जास्त आवडतो, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे. मी प्रयोगशाळांमधले सेन्सर संगणकाला जोडणारं सॉफ्टवेअर लिहितो. सेन्सर एका कंपनीचा, त्याचा सिग्नल नोंदवणारा डबा दुसऱ्याच कंपनीचा, आणि त्या दोघांच्या मधल्या अर्धा फूट वायरीत माझा महिना जातो. कल्याणची दुर्बीण ही त्याच अर्ध्या फुटाची गोष्ट आहे. फक्त तिथली वायर शेकडो मीटर होती.

हे दुखणं नेमकं काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढची माणसं कशाशी झगडत होती ते कळणार नाही.

थर्मोकपल घ्या. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या; टोक तापलं की दुसऱ्या बाजूला किंचित व्होल्टेज मिळतं. के प्रकारचं थर्मोकपल एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. समोरचा डबा, ज्याला आमच्यात डेटा अ‍ॅक्विझिशनचं लघुरूप करून 'डॅक' म्हणतात, समजा ० ते १० व्होल्ट वाचणारा आणि १२ बिटचा आहे. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी जवळपास २.४४ मिलिव्होल्टची. भागाकार करून बघा: एक पायरी सुमारे ६० अंशांची होते. चहा उकळला काय आणि थंडगार झाला काय, पडद्यावरचा आकडा एखाद-दुसऱ्या पायरीने हलेल. मध्ये योग्य अ‍ॅम्प्लिफायर टाकला नाही तर दोन्ही उत्तम वस्तू मिळून एक निरुपयोगी वस्तू तयार होते.

पीएच मोजणारा काचेचा इलेक्ट्रोड याच्या उलट. तो व्होल्टेज बऱ्यापैकी देतो, २५ अंशांना एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट, पण त्याचा अंतर्गत रोध १०० मेगोहमच्या घरात जाऊ शकतो. त्याला १ मेगोहम इनपुटचा डबा जोडला की व्होल्टेजचे १०१ भाग होतात आणि डब्याच्या वाट्याला त्यातला एक येतो. सेन्सर बरोबर, डबा बरोबर, वाचन साफ खोटं. काही डब्यांत एकच मोजणारी चिप असते आणि ती आळीपाळीने आठ-सोळा चॅनलवर फिरते. तिथे अशा सेन्सरच्या शेजारच्या चॅनलचं व्होल्टेज चिकटून पुढे येतं. कुठलाही सेन्सर न जोडलेला चॅनल शेजाऱ्याच्या तालावर नाचताना दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला भुताटकीच वाटते.

काही कंपन्या सेन्सरच्या प्लगमध्येच ओळखीसाठी एक वेगळा रेझिस्टर बसवतात. त्यांच्याच डब्याला जोडला की डबा लगेच ओळखतो, हा तापमानाचा, हा दाबाचा, याचं समीकरण अमुक. दुसऱ्याच्या डब्याला जोडलात की ती ओळख गेली. उरतं फक्त व्होल्टेज, आणि त्या व्होल्टेजचा अर्थ लावायची जबाबदारी तुमची. एका घरात सगळ्यांना न सांगता समजणाऱ्या गोष्टी दुसऱ्या घरात गेल्यावर बोलून दाखवाव्या लागतात, तसं आहे हे.

आता सिडनी.

पॉट्स हिल हा सिडनीतला पाण्याचा मोठा जलाशय. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या काठाकाठाने डब्ल्यू. एन. ख्रिस्टियानसेन यांनी पूर्व-पश्चिम रेषेत ३२ छोट्या डिश मांडल्या, प्रत्येकी साधारण १.८ मीटर व्यासाची. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर त्या सूर्य बघत. नंतर उत्तर-दक्षिण रेषेतही डिश आल्या. दिवसभर सूर्य वेगवेगळ्या कोनांतून न्याहाळून, नोंदपट्ट्यांवरचे आलेख मोजून, हाताने गणित करून ख्रिस्टियानसेन आणि वॉरबर्टन यांनी १९५५ साली सूर्याचं द्विमितीय रेडिओ चित्र प्रसिद्ध केलं. आज जे काम फोनवर निमिषात होईल त्याला महिनोन्महिने लागले. त्या आकडेमोडीत हातभार लावणाऱ्यांत दिल्लीहून आलेला एक तरुण होता: गोविंद स्वरूप.

स्वरूप आणि आर. पार्थसारथी हे दोघे १९५३ मध्ये कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीच्या सीएसआयआरओमध्ये दोन वर्षांसाठी गेले होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी पॉट्स हिलच्या पूर्व-पश्चिम रांगेला हात घातला. डिश त्याच ठेवल्या, पण २१ सेंटिमीटरऐवजी त्या ६० सेंटिमीटरवर, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झवर चालवायच्या ठरवल्या. यासाठी वाकडी तासलेली धातूची ताटली बदलावी लागत नाही. तिला कुठली लहर आपटते याचं सोयरसुतक नसतं. बदलावं लागतं ते बाकी सगळं. केंद्राशी बसवलेले डायपोल, तिथून निघणाऱ्या तारा, पुढचा रिसीव्हर.

हा खटाटोप एका वादासाठी होता. सूर्याची कडा मध्यभागापेक्षा उजळ दिसते का? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात कडा मंद असते. रेडिओत मात्र उलटं व्हायला हवं असं गणित सांगत होतं, कारण तिथे आपल्याला तापलेला किरीट दिसतो आणि कडेला नजर त्या किरीटातून जास्त लांबवर जाते. १९५० मध्ये केंब्रिजच्या स्टॅनियर यांना ६० सेंटिमीटरवर अशी उजळ कडा सापडली नव्हती. स्वरूप आणि पार्थसारथींना पॉट्स हिलवर ती सापडली.

तोवर ख्रिस्टियानसेन फ्लर्स इथे नवी, मोठी रचना उभारायच्या मागे लागले होते. जुन्या डिश भंगारात निघणार हे दिसताच स्वरूपांनी त्या भारताला द्या अशी विनंती केली. जोसेफ पॉझी आणि सीएसआयआरओ तयार झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे, एनपीएलचे, संचालक के. एस. कृष्णन यांनाही कल्पना पसंत पडली. अडलं कुठे, तर जहाजाच्या भाड्यावर. सुमारे ७०० पौंड कुणी द्यायचे यावर पत्रव्यवहार चालू राहिला. परकीय चलनाची चणचण होती. १९५५ मध्ये परतलेले स्वरूप वाट बघून १९५६ मध्ये अमेरिकेला गेले, पार्थसारथीही अलास्काला गेले, आणि डिश १९५८ मध्ये दिल्लीत पोचल्या. पोचल्या आणि पडून राहिल्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा लालफितीची म्हणून सांगतात. ती आहेही. पण मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. ७०० पौंडांत आली ती फक्त ताटली. तिच्या केंद्राशी काय बसवायचं, तार किती लांब कापायची, रिसीव्हरने काय अपेक्षा करायची, हे जहाजात भरता येत नाही. ते दोन माणसांच्या हातात होतं, आणि ती दोघं देशाबाहेर. यंत्र दान करता येतं, पण त्याचा जोड दान करता येत नाही.

स्वरूप अमेरिकेत ज्या कामाला लागले ते नेमकं या जोडाचंच होतं. स्टॅनफर्डमध्ये रॉन ब्रेसवेल यांनी दहा फुटी ३२ डिशची क्रॉसच्या आकाराची रचना बांधली होती. अशा रचनेत प्रत्येक डिशची लहर मध्यवर्ती खोलीत एकाच ठेक्यात पोचावी लागते. भजनी मंडळातल्या एकाचा टाळ अर्ध्या मात्रेने मागे पडला तर जसं होतं तसं इथे होतं: बेरीज व्हायची तिथे वजाबाकी होते. प्रत्येक तारेची विद्युत लांबी मोजायची, कापायची, पुन्हा मोजायची. अंतर्भाग मोठा, तारा अनेक, आणि हे करण्यात आठवडे जात.

स्वरूप आणि के. एस. यांग यांनी १९६१ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. मध्यवर्ती खोलीतूनच एक सिग्नल तारेत सोडायचा. डिशपाशी तो परावर्तित होऊन परत येतो. पण वाटेतल्या प्रत्येक सांध्यावरूनही थोडं थोडं परावर्तन येतं. त्यातलं डिशपाशी जाऊन आलेलं कुठलं हे कसं ओळखायचं? म्हणून डिशपाशी एक घटक बसवायचा, जो ठरलेल्या लयीत परावर्तन कमी-जास्त करतो. खोलीत परत आलेल्या गोंधळातून त्या लयीत थरथरणारा भाग तेवढा वेगळा काढायचा. जाऊन येऊन किती उशीर झाला ते मिळालं, त्याचं निम्मं म्हणजे तारेची खरी लांबी. दरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून अंतर काढावं, आणि समोरच्या कड्यावर उभ्या मित्राने आपलाच प्रतिध्वनी ओळखता यावा म्हणून तालात टाळ्या वाजवाव्यात, असा प्रकार. लहर जाऊन येऊन फेज मोजण्याची ही कल्पना पुढे जगभरच्या रेडिओ दुर्बिणींमध्ये पसरली. माझ्या मते स्वरूपांचं हे काम उटीच्या दुर्बिणीइतकंच मोठं आहे, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही.

१९६१ मध्येच स्वरूप, टी. कृष्णन, एम. आर. कुंडू आणि टी. के. मेनन या परदेशातल्या चौघांनी भारतातल्या वैज्ञानिक संस्थांना पत्र लिहिलं: आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करायला तयार आहोत. होमी भाभांचा होकार तारेने आला, जानेवारी १९६२ मध्ये. १९६३ मध्ये स्वरूप टीआयएफआरमध्ये रुजू झाले. दिल्लीत पडून असलेल्या त्या डिश मुंबईकडे निघाल्या, आणि एनपीएलमधले एन. व्ही. जी. सर्मा आणि एम. एन. जोशीही या नव्या गटात आले.

कल्याणला त्या अशा मांडल्या गेल्या: २४ डिश पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर, ८ डिश उत्तर-दक्षिण २५६ मीटरवर. वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ४९ सेंटिमीटर. ज्या ताटल्या २१ साठी घडवल्या होत्या त्यांनी ६० बघितलं होतं, आता त्या ४९ बघणार होत्या.

यातले आकडे मी एका रविवारी कागदावर उलगडून पाहिले. एकटी सहा फुटी डिश ४९ सेंटिमीटरवर आकाशाचा पंधरा अंशांहून रुंद तुकडा एकदम बघते. सूर्य अर्ध्या अंशाचा. म्हणजे एकट्या डिशला सूर्य हा ठिपका आहे. ६३० मीटरवर पसरलेल्या रांगेची नजर मात्र अडीच कलांहून थोडी बारीक होते, म्हणजे सूर्याच्या रुंदीचे बारा-तेरा काप करता येतील इतकी. पण फुकट काही मिळत नाही. समान अंतरांवर डिश ठेवल्या की नजरेच्या एका पात्याऐवजी अनेक पाती तयार होतात, कंगव्याच्या दातांसारखी. २४ डिश ६३० मीटरवर सारख्या वाटल्या तर दोन डिशमध्ये सुमारे २७ मीटर येतात आणि दोन दातांमध्ये जवळपास एक अंश. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्यामुळे तो एका वेळी एकाच दातात सापडतो. दोन दातांत एकदम सापडला असता तर सगळी खिचडी झाली असती. पृथ्वी फिरते तसा सूर्य या दातांतून एकेक करत सरकतो. मध्यान्हीच्या आसपास एका मिनिटाला पंधरा कला, म्हणजे दर चार मिनिटांनी पेन कागदावर एक टेकडी काढणार. त्या टेकडीच्या आकारात सूर्याचा आडवा छेद. टेकडीचे खांदे उचललेले दिसले तर कडा उजळ.

आणि हे सगळं तारांच्या भरवशावर. हवेत ४९ सेंटिमीटरची असलेली लहर साध्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये दोन तृतीयांश वेगाने जाते, तिथे तिची लांबी ३३ सेंटिमीटर होते. एका केबलमध्ये एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे अकरा अंशांची फेजची चूक. वर कल्याणचं ऊन. पहाटे ते दुपार वीस अंशांचा फरक धरला तर ३०० मीटर तांबं नुसतं तापून दहा सेंटिमीटर लांबतं. म्हणूनच अशा रांगांमध्ये तारा झाडाच्या फांद्यांसारख्या जोडत नेतात: दोन डिश मिळून एक फांदी, दोन फांद्यांची एक मोठी, आणि शेवटी खोडापाशी रिसीव्हर. प्रत्येक डिशपासून खोडापर्यंतची वाट सारख्याच लांबीची. ऊन लागलं तर सगळ्यांना सारखं लागतं, सगळे एकदम लांबतात, ठेका टिकतो. चूक काढून टाकता येत नसेल तर ती सगळ्यांना सारखी वाटून द्यायची. मापनाच्या कामात याहून शहाणी युक्ती मला माहीत नाही.

खोडाशी रिसीव्हर, आणि त्याच्या पुढे त्या काळचा डॅक, म्हणजे सरकत्या कागदावर चालणारं पेन. याच्याबद्दल मला पुस्तकांपेक्षा आमच्या शेजारच्या काकांनी जास्त शिकवलं. ते एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते, आता निवृत्त आहेत.

"काका, पेन किती वेगाने हलायचं तुमच्या वेळी?"

"वेग कसला रे. पेन आळशीच असायचं. खाली सिग्नल थयथयाट करतोय आणि पेन आपलं शांतपणे चाललंय."

"मग काही निसटायचं नाही का?"

"निसटायचं ना. पण खोटं काही काढायचं नाही ते. तुमचा डबा निसटलेल्याच्या जागी भलतंच काढतो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. डिजिटल डबा ठरावीक क्षणांना नमुने घेतो. सिग्नल त्याहून वेगाने थरथरत असेल तर ती थरथर एका संथ, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या लाटेचं सोंग घेऊन नोंदीत येते. ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण सेकंदाला ४९ वेळा मोजलीत तर पडद्यावर एक सेकंदाची सुरेख लाट दिसेल, जी जगात कुठेच नाही. म्हणून नमुना घेण्याआधी फिल्टर लावावा लागतो. पेनला तो लावावा लागत नसे, त्याचं वजनच फिल्टर होतं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चार्ट काढला की त्यावर तारीख, वेळ, रेंज, कागदाचा वेग लिहायचा आणि सही करायची. "नाही लिहिलंस तर तो चार्ट म्हणजे रद्दी. किराणावाल्याकडे पुड्या बांधायला." मी एका प्रयोगशाळेची दोन वर्षांची नोंद बघितली आहे ज्यात रकान्यांची नावं फक्त चॅनल शून्य, चॅनल एक अशी होती. कोटींनी आकडे, सहा दशांश स्थळांपर्यंत. कुठला सेन्सर, किती गुणायचं, कुणालाच ठाऊक नाही, कारण ज्याने जोडलं तो नोकरी सोडून गेलेला. किराणावाल्यालाही त्याचा उपयोग नाही.

मुंबईतच याहून जुनं उदाहरण आहे, आणि ते उलट्या टोकाचं, आदर्श. कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालली होती. १८५९च्या सप्टेंबरमधल्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद आजही अभ्यासली जाते. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्यासमोर प्रश्न आला: ट्रामच्या विद्युतप्रवाहाने नाजूक चुंबक बिथरणार. वेधशाळा अलिबागला हलवायची ठरली. पण अलिबाग १९०४ मध्ये सुरू झाल्याबरोबर त्यांनी कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांमधला फरक किती ते कळावं आणि साठ वर्षांची मालिका तुटू नये. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. नवा डबा आला की जुना फेकायची घाई करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. बहुतेक जण ऐकत नाहीत, खर्चाचं कारण देतात.

कल्याणला परत. १९६६ मध्ये स्वरूप, व्ही. के. कपाही, जे. डी. इसलूर आणि आर. पी. सिन्हा यांचा शांत सूर्यावरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याची कडा चांगलीच उजळ होती आणि किरीटाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात निघालं. पॉट्स हिलवर ज्या ताटल्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं त्याच ताटल्यांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या तरंगलांबीवर, दुसऱ्या तारा आणि दुसऱ्या रिसीव्हरसह ते पुन्हा दाखवलं. एखादा निष्कर्ष खरा आहे की यंत्राचा भास, हे तपासायचं झालं तर जोड बदलून बघण्यासारखी कसोटी नाही. निबंध लिहिणाऱ्यांतले बरेच जण तेव्हा विशीत होते, माझ्याहून लहान. कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे, एनसीआरएचे, संचालक झाले.

उटीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९७० साली ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण अशा डोंगरउतारावर बांधली, जिथला उतार त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंश होता. त्यामुळे तिचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. ती बांधणारी मंडळी कल्याणला तारा कापून तयार झाली होती.

खोडद मात्र आमच्या गोष्टीचा पुढचा भाग आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेज, ओतूर करत नारायणगावकडे गेलात की ४५ मीटर व्यासाच्या डिश दिसू लागतात. एकूण ३०: चौदा मध्यभागी जवळ जवळ, सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर. प्रत्येक डिशचा सिग्नल मध्यवर्ती इमारतीत येतो तो प्रकाशतंतूंमधून, आणि आजही अ‍ॅनालॉग रूपातच येतो. डिशपाशीच त्याचे आकडे करता आले असते, पण आकडे करणारी यंत्रं स्वतः रेडिओ गोंगाट करतात. ती दुर्बिणीच्या तोंडाशी कोण बसवेल? म्हणून किलोमीटरच्या किलोमीटर लांब तारेचा जुना प्रश्न तिथे काचेच्या रूपात उभाच आहे.

आणि दुसऱ्याच्या डब्याचाही. सुरुवातीच्या कोरिलेटरमध्ये अमेरिकेच्या व्हीएलबीए दुर्बिणीसाठी घडवलेल्या चिप वापरल्या होत्या. २००० नंतरच्या दशकात इथल्या आणि कॅनडा-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून बाजारात मिळणारी अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कार्डं आणि लिनक्सवरचे साधे संगणक जोडून सॉफ्टवेअरचा कोरिलेटर उभा केला. त्यावरचा शोधनिबंध २०१० चा आहे. दुकानातून आणलेल्या कार्डांना एका घड्याळावर नाचवणं हे त्यातलं खरं काम. त्यानंतरच्या सुधारित जीएमआरटीत रोच नावाचे बोर्ड आले, ज्यांचा आराखडा बर्कलेशी जोडलेल्या कॅस्पर गटाने आणि दक्षिण आफ्रिकेच्या दुर्बीण पथकाने खुला ठेवलाय. पुढचं गणित ग्राफिक्स कार्डांवर होतं, म्हणजे गेम खेळण्यासाठी जन्माला आलेल्या हार्डवेअरच्या भावंडांवर. ४०० मेगाहर्ट्झ पट्टा नोंदवायला सेकंदाला ८० कोटी नमुने लागतात. तीस डिश, प्रत्येकीचे दोन सिग्नल, एकूण साठ. गुणाकार केला तर सेकंदाला ४८०० कोटी आकडे.

साठांपैकी एकाही तारेचा उशीर कुणी गृहीत धरत नाही. निरीक्षण सुरू करताना तिसऱ्या केंब्रिज यादीतल्या ४८, १४७ किंवा २८६ क्रमांकाच्या, तेजस्विता नीट माहीत असलेल्या स्रोताकडे सगळ्या डिश वळवतात. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न यंत्राला विचारायचा, आणि यंत्र किती चुकतंय ते नोंदवून मगच आपल्या खऱ्या प्रश्नाकडे वळायचं. मधूनमधून जवळच्या दुसऱ्या एखाद्या स्रोताकडे वळून पुन्हा विचारायचं, कारण तेवढ्या वेळात आकाश आणि तारा दोन्ही थोडे सरकलेले असतात.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पाळी सुरू होताना आम्ही गेज तपासायचो तेच. बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर." मग त्यांनी विचारलं की त्या डिशच्या चार्टवर सही कोण करतं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख, वारंवारता, स्रोताचं नाव, अँटेनाची यादी, सगळं लिहिलेलं असतं असं मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला.